विजेचा एकच पुरवठादार आणि शेतकरी ग्राहक

बाजारात बैलजोडी घ्यावयास गेलेला शेतकरी चार दावणी पाहिल्याशिवाय गाठीचा पैसा सोडीत नाही. बियाणे, खत वा अवजार घ्यावयाचे झाले आणि एका दुकानी भाव पटला नाही, तर तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढतो. दुकानदारासही ह्याची जाणीव असते आणि ह्या जाणिवेमुळेच तो वजन नीट करतो व मालाची प्रत राखतो. वीज ही आज बियाण्याइतकीच शेतीची आवश्यक वस्तू झाली आहे. परंतु विजेच्या बाबतीत शेतकऱ्यास दुसरे दुकान नाही. चंद्रपूर व गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांत शेतीपंपाला वीज पुरविणारी संस्था एकच आहे, ती म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी, अर्थात महावितरण.

एकच पुरवठादार असल्याने शेतकऱ्याचे नुकसान नेमके कोठे होते, दुसरा पुरवठादार का येत नाही, आणि अशा स्थितीत शेतकऱ्याने आपले हित कसे राखावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्पादक अनेक, विक्रेता एक

चंद्रपूर जिल्हा वीज निर्मितीत राज्यात अग्रेसर आहे. इरई धरणाच्या पाण्यावर व भोवतालच्या खाणींतील कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ह्याखेरीज वरोरा व ताडाळी येथे खाजगी कंपन्यांनी औष्णिक केंद्रे उभारली आहेत. २००३ च्या विद्युत कायद्याने औष्णिक निर्मितीवरील परवान्याचे बंधन काढून टाकले. त्यामुळे ह्या क्षेत्रात अनेक उत्पादक आले आणि वितरण कंपन्यांना वीज विकण्यासाठी त्यांच्यात काही प्रमाणात चढाओढही सुरू झाली.

ही चढाओढ शेताच्या बांधापर्यंत मात्र पोचत नाही. केंद्रात निर्माण झालेली वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवाटे राज्याच्या जाळ्यात जाते. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघे येथपर्यंत गेलेली ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी पूर्वेकडील वीज पश्चिमेकडील शहरे व कारखाने ह्यांच्याकडे नेण्यासाठीच उभारलेली आहे. जाळ्यातील वीज घेऊन ती गावात आणण्याचा व विकण्याचा परवाना येथे एकाच कंपनीकडे आहे. म्हणून ज्या जिल्ह्यात वीज केंद्रांची इतकी धुराडी दिसतात, त्याच जिल्ह्यातील मूल वा सिंदेवाहीच्या धान उत्पादकास पुरवठादार निवडण्याची सोय नाही.

ही स्थिती कशी आली हेही समजून घेतले पाहिजे. १९१० च्या कायद्यानुसार निरनिराळ्या शहरांतून खाजगी कंपन्यांना वीजपुरवठ्याचे परवाने मिळत. खेड्यांत ग्राहक थोडे आणि तारांचा खर्च फार, म्हणून ह्या कंपन्या खेड्यांकडे सहसा वळल्या नाहीत. १९४८ च्या कायद्याने राज्यांची विद्युत मंडळे स्थापण्याची तरतूद झाली आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. गावोगाव खांब नेण्याचे काम ह्या मंडळाने केले. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण ह्यांसाठी स्वतंत्र शासकीय कंपन्या झाल्या. जी व्यवस्था आज एकमेव म्हणून अपुरी वाटते, तिच्याच पूर्वीच्या रूपाने खेड्यात दिवा आणला, ही गोष्ट न्यायबुद्धीने ध्यानात ठेवावी लागते.

दुसरा पुरवठादार का येत नाही

एका व्यापाऱ्यावर अवलंबून राहण्याचा अनुभव ह्या वनप्रदेशास नवा नाही. तेंदूपानांचा व्यापार १९६९ च्या राज्य कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला आणि एका घटकात पाने घेणारा एकच ठेकेदार असे. बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद गिरणीस जात असे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला आणि ग्रामसभा आपला बांबू निविदा मागवून विकू लागली. बांबू मालमोटारीत भरून अधिक भाव देणाऱ्याकडे नेता येतो. म्हणून खरेदीदार वाढताच गावाची बाजू बळकट झाली.

विजेचे तसे नाही. ती पोत्यात बांधून वा गाडीत भरून आणता येत नाही. तिला उपकेंद्र, खांब, तारा व रोहित्र लागते. एका गावास दोन कंपन्यांनी वीज पुरवावयाची तर तारांची दोन जाळी उभारावी लागतील आणि त्या दुप्पट खर्चाचा बोजा अखेर त्याच ग्राहकांवर पडेल. २००३ च्या कायद्याने एकाच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीस परवाना देण्याची मुभा ठेवली आहे, परंतु त्या कंपनीने स्वतःचे जाळे उभारावे अशी अट आहे. शहरात एका खांबावरून शेकडो ग्राहकांना वीज देता येते. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यात मात्र मैलोगणती जंगलातून तार नेल्यानंतर शेवटी मोजकेच पंप लागतात. अशा ठिकाणी दुसरी कंपनी आपण होऊन येईल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ होय.

आपल्या राज्यात ह्या बाबतीत जे प्रयोग झाले, त्यांवरूनही हेच दिसून येते. मुंबईच्या उपनगरांत टाटा व रिलायन्स ह्या दोन कंपन्यांकडे वितरणाचे परवाने होते. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा कंपनीचा किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने पुढील वाट काढून दिली. तीनुसार ग्राहकाने जुन्या कंपनीच्याच तारांवर राहून नव्या कंपनीची वीज घ्यावी व तारांचे भाडे भरावे, असे ठरले. लाखो ग्राहकांना निवड मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु मोठे ग्राहक आधी बाहेर पडतात आणि जुन्या व्यवस्थेचा भार मागे राहिलेल्या लहान ग्राहकांवर येतो, अशी तक्रारही निघाली. २०१२ मध्ये आयोगाने टाटा कंपनीस स्वतःच्या तारा टाकण्याचा व लहान घरगुती ग्राहकांकडे लक्ष देण्याचा आदेश दिला. पुढे २०२२ मध्ये अदानी समूहाने समांतर परवान्यासाठी अर्ज केला, तोही नवी मुंबई व मुंबईलगतच्या दाट वस्तीच्या भागासाठी. कोरची वा भामरागडसाठी नव्हे.

नागपूर शहराच्या काही विभागांत २०११ ते २०१९ ह्या काळात वितरणाचे काम खाजगी फ्रँचायझीकडे होते. तेथे पुरवठादार बदलला, पण त्यांची संख्या एकच राहिली; ग्राहकास निवड मिळाली नाही. अखेर ते काम पुन्हा महावितरणकडे आले. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा ह्या ग्राहकांच्याच सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वितरण सांभाळले. परंतु थकबाकी वाढत गेली आणि ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपल्यावर तेही क्षेत्र महावितरणकडे गेले. मालकी खाजगी असो, सहकारी असो वा शासकीय असो, केवळ मालक बदलल्याने चढाओढ निर्माण होत नाही.

सिरोंचा तालुक्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. गोदावरीच्या पलीकडे तेलंगण राज्य आहे. त्या राज्याने १ जानेवारी २०१८ पासून शेतीस चोवीस तास वीज देण्याचे धोरण स्वीकारले. अलीकडच्या शेतकऱ्यास पलीकडचे खांब दिसतात, पण ती वीज विकत घेता येत नाही. मात्र पलीकडेही त्या क्षेत्रात वितरण करणारी कंपनी एकच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुरवठादार एकच असूनही सेवेत फरक पडू शकतो. तो फरक शासनाचे धोरण, यंत्रणेवरील देखरेख आणि ग्राहकांची जागरूकता ह्यांमुळे पडतो.

तोटा देयकात दिसत नाही

एकमेव दुकानदार मनमानी भाव लावतो, असा सर्वसाधारण समज आहे. विजेच्या बाबतीत तो तसाच्या तसा लागू पडत नाही, कारण विजेचा दर कंपनी स्वतः ठरवीत नाही. तो १९९९ मध्ये स्थापन झालेला नियामक आयोग ठरवितो. शिवाय राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना सुरू केली. तीनुसार साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे देयक एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे शासन भरणार आहे. मग तोटा कोठे होतो?

तो वेळेत होतो. जोडणीसाठी पैसे भरून थांबलेले महिने, कमी दाबामुळे जळालेली मोटार, रोहित्र जळाल्यावर नवे येईपर्यंत गेलेले दिवस ह्या गोष्टी कोणत्याही देयकात छापलेल्या नसतात. दुसरा पुरवठादार असता तर कंटाळलेला ग्राहक त्याच्याकडे गेला असता आणि पहिल्यास आपली उणीव तत्काळ कळली असती. येथे ती आपोआप कळण्याची सोय नाही.

हा तोटा हिशेबाने पाहू. समजा, एका शेतकऱ्याकडे पाच एकर धान आहे व त्याचा पंप ताशी वीस हजार लिटर पाणी उपसतो. एका एकरात पाच सेंटिमीटर पाणी भरण्यास सुमारे दोन लाख लिटर, म्हणजे दहा तास लागतात. पाच एकरांस पन्नास तास. रोज आठ तास पूर्ण दाबाची वीज मिळाली तर हे काम सातव्या दिवशी संपते. त्यातील तीन तास खंडित पुरवठ्यात गेले व पाचच तास हाती आले, तर त्याच कामास दहा दिवस लागतात. धान पोटरीत वा फुलोऱ्यात असताना पावसाने ताण दिला, तर हे अधिक तीन-चार दिवस दाणा भरणे आणि पळींज होणे ह्यांमधील अंतर ठरतात. मामा तलाव वा बोडी ज्याच्या शिवारात आहे तो एक वेळ तरून जाईल. केवळ विहिरीवर विसंबलेल्यास दुसरा आधार नसतो.

दाबाचाही असाच हिशेब आहे. मोटारीची फिरण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब दहा टक्के घटला तर ताकद सुमारे एकोणीस टक्के घटते. दाब वीस टक्के घटला तर ती सुमारे छत्तीस टक्क्यांनी कमी होते. तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते, वेटोळी तापतात व अखेर जळतात. लांब वाहिनीच्या टोकाच्या गावांत हा प्रकार विशेष आढळतो.

रात्रीच्या पाळीचा पुरवठा हा वनप्रदेशातील आणखी एक प्रश्न आहे. इतर जिल्ह्यांत रात्री पाणी देणे म्हणजे झोपमोड. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड ह्या पट्ट्यात मात्र बांधीवर रात्री एकट्याने जाणे म्हणजे वाघ, अस्वल व सर्प ह्यांच्या वाटेत जाणे होय. येथे विजेच्या वेळापत्रकाशी माणसाच्या जिवाचा प्रश्न जोडलेला आहे. शेतीच्या वाहिन्यांना सौर ऊर्जेद्वारे दिवसा वीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे म्हणूनच ह्या भागाने आग्रहाने पाहिले पाहिजे.

चढाओढीच्या जागी कायदा

जेथे ग्राहकास दुकान बदलता येत नाही, तेथे दुकानदारावर कर्तव्ये लादावी लागतात. २००३ च्या विद्युत कायद्याने ती लादली आहेत. त्यांतील शेतकऱ्यास उपयुक्त तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

(१) जोडणी : मागणी करणाऱ्यास वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून एक महिन्यात जोडणी द्यावी लागते. नवी वाहिनी वा उपकेंद्र उभारावे लागत असेल तेथे ते काम झाल्यावर किंवा आयोग ठरवील त्या मुदतीत ती द्यावी लागते. ह्यात कसूर झाल्यास दर दिवसास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे (कलम ४३).

(२) सेवेची मानके : बंद पडलेला पुरवठा सुरू करणे, जळालेले रोहित्र बदलणे, दाब योग्य राखणे इत्यादींसाठी आयोग मानके व मुदती ठरवितो. त्या न पाळल्यास बाधित ग्राहक भरपाईस पात्र ठरतो (कलम ५७).

(३) पुरवठा तोडणे : थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. दोन वर्षांपूर्वीची रक्कम देयकात सतत थकबाकी म्हणून दाखविलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही (कलम ५६).

(४) दाद : कंपनीने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच स्थापन केलाच पाहिजे. तेथे समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते (कलम ४२). विदर्भासाठी लोकपालांचे कार्यालय नागपूर येथे आहे.

(५) दरनिश्चिती : दर ठरविण्यापूर्वी आयोगास जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात (कलम ६४). ह्या सुनावणीत शेतकऱ्यास व त्याच्या संस्थेस बोलण्याचा अधिकार आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देयक शून्य आले म्हणजे आता तक्रार कोणत्या तोंडाने करावी, असे अनेकांना वाटते. परंतु ती रक्कम शासन शेतकऱ्याच्या वतीने कंपनीस देते. वीज कोणी फुकट सोडलेली नाही. शेतकऱ्याचा ग्राहक क्रमांक कायम आहे आणि त्याचे सर्व हक्कही कायम आहेत.

शेतकऱ्यांनी काय करावे

तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. कंपनीस, मंचास व आयोगास जे दिसते ते कागदावर असलेलेच दिसते. यास्तव पुढील पद्धत अवलंबावी.

१. पंपघरात एक वही ठेवावी. तीत तारीख, वीज आल्याची व गेल्याची वेळ आणि दाबमापक असल्यास दाब लिहावा. एका हंगामाची अशी नोंद शंभर तोंडी तक्रारींपेक्षा अधिक उपयोगी पडते.

२. बिघाड होताच १९१२ ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक वहीत उतरवावा. रोहित्र जळाल्यास त्यावरील सर्व शेतकऱ्यांनी शाखा कार्यालयात एकत्रित लेखी अर्ज द्यावा व सही-शिक्क्यानिशी पोच घ्यावी.

३. जोडणीच्या अर्जाची व भरलेल्या कोटेशनची पावती जपून ठेवावी. मुदत त्या तारखेपासूनच मोजली जाते.

४. दाद न मिळाल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे तक्रार करावी. त्यासाठी वकील देण्याची आवश्यकता नाही. मंचाचा निर्णय अमान्य असल्यास साठ दिवसांत लोकपालाकडे जावे.

५. तार नेण्याचे काम वनजमिनीमुळे अडले असेल, तर ग्रामसभेने वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) चा आधार घ्यावा. वीजवाहिनीसारख्या तेरा सार्वजनिक सोयींसाठी, प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी जमीन व हेक्टरी पंचाहत्तरपर्यंत झाडे ह्या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीवरून वनजमीन वळती करता येते. कित्येक ठिकाणी कामाची पहिली किल्ली ही ग्रामसभेचा ठराव असते.

६. आपली बाजूही स्वच्छ ठेवावी. आकडे टाकून घेतलेली वीज आणि मंजुरीपेक्षा मोठी मोटार ह्यांमुळे रोहित्र जळते व प्रामाणिक शेजाऱ्याचेही पीक वाळते. वीज येताच सर्व मोटारी एकदम सुरू करणारे स्वयंचलित स्विच काढावेत व प्रत्येक पंपास योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा.

सौर पंप : मर्यादित परंतु खरा पर्याय

तारांवाचून मिळणारी वीज हाच ह्या भागातील एकमेव दुसरा पुरवठादार ठरू शकतो. केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आणि राज्याची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना २०२४ मध्ये सुरू झाली. ह्यांत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. पंप बसविणारी कंपनी यादीतून शेतकऱ्याने स्वतः निवडावयाची असते. चढाओढीचा लाभ प्रत्यक्ष हाती देणारी ही तरतूद आहे. स्वस्त बोलणाऱ्या प्रतिनिधीवर न विसंबता, त्या कंपनीने तालुक्यात पूर्वी बसविलेले पंप पाहावेत आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत आला हे त्या शेतकऱ्यांस विचारावे.

ह्या पंपाच्या मर्यादाही ओळखाव्यात. झाडांच्या सावलीत तो चालत नाही, दाट ढगांत त्याचे पाणी घटते व रात्री तो बंद असतो. तथापि धानास पाण्याची निकड बहुधा पावसाच्या उघडिपीत भासते आणि उघडिपीत ऊन असतेच. त्यामुळे खरिपाच्या संरक्षक ओलितास तो चांगला उपयोगी पडतो. शेतात पूर्वीची वीजजोडणी असल्यास ह्या योजनेचा लाभ मिळत नाही, हे अर्जापूर्वी ध्यानात घ्यावे.

समारोप

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत नजीकच्या काळात दुसरी वितरण कंपनी तारा घेऊन येण्याचा संभव दिसत नाही, आणि आली तरी ती प्रथम दाट वस्तीकडेच जाईल. म्हणून तिची वाट पाहत हंगाम घालविणे हिताचे नाही. चढाओढ जे काम आपोआप करते, ते येथे नोंद, लेखी अर्ज, मंच व ग्रामसभेचा ठराव ह्यांकडून करवून घ्यावे लागते. एकट्याने हे काम जड जाते. एका रोहित्रावरील पंधरा-वीस शेतकरी एकत्र आले तर ते सहज होण्यासारखे आहे. येत्या हंगामाच्या रोवणीपूर्वी प्रत्येक गावाने रोहित्रवार असा गट करून वही सुरू करावी आणि पोटरीच्या दिवसांत पाण्यावाचून पीक जाण्याचा प्रसंग टाळावा.